ताईच्या रिपोर्टमध्ये 'सीएक्ससीआर-४' का नाही? (स्तनाचा कर्करोग आणि केमोकाइन रिसेप्टर)

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या मोठ्या बहिणीचं (वय ५३, पाळी थांबलेली) नुकतंच स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. गाठ २.६ सेंमी, काखेतल्या दोन लसीका ग्रंथींत कॅन्सर सापडला, ग्रेड २. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन हार्मोनला प्रतिसाद देणारी), हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) निगेटिव्ह, केआय-६७ (किती पेशी वाढतायत याचा आकडा) १८ टक्के. लवकरच केमो सुरू करायची असं डॉक्टर म्हणालेत.

माझा भाचा बायोटेक शिकतो. त्याने काळजीपोटी तिला एक लेख पाठवला. ज्या पेशींवर 'केमोकाइन रिसेप्टर' जास्त असतात, विशेषतः सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७, त्या हाडांत, फुप्फुसांत, यकृतात पसरतात आणि अशा रुग्णांचं भवितव्य वाईट असतं, असं त्यात होतं. ताईची तेव्हापासून झोप उडाली आहे. रिपोर्ट पुन्हा पुन्हा उघडते आणि विचारते, "माझी ही तपासणी का केली नाही? काही लपवतायत का?"

ही तपासणी करून घ्यावी का? कुठे होते? आणि हे रिसेप्टर म्हणजे नक्की काय, कुणी साध्या मराठीत सांगेल का?

सुलभा_जोगळेकर

मृण्मयी, ताईंना लवकर बरं वाटो. मलाही समजून घ्यायचंय, इथेच बसते.

भटकती_पेशी

माझं काम प्रतिकारशक्तीच्या पेशींवर आहे (म्युनिक, प्रयोगशाळेत. मी डॉक्टर नाही), त्यामुळे 'हे काय असतं' एवढ्याच भागाचं उत्तर देते.

आपल्या पांढऱ्या पेशी सतत फिरत असतात. कुठे जायचं हे त्यांना केमोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांवरून कळतं. एखादा अवयव ही प्रथिनं सोडतो, जवळ जास्त, लांब कमी. ज्या पेशीच्या पृष्ठभागावर ती ओळखणारा रिसेप्टर असतो ती जास्तीच्या दिशेने सरकते, साखरेच्या डब्याकडे मुंग्या निघाव्यात तशी. रिसेप्टर हेही प्रथिनच. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं असतं.

सीएक्ससीआर-४ ज्याला ओळखतो ते केमोकाइन म्हणजे सीएक्ससीएल-१२. अस्थिमज्जा, फुप्फुस, यकृत, लसीका ग्रंथी इथे ते भरपूर असतं. सीसीआर-७ ज्याला ओळखतो ते सीसीएल-२१ लसीका ग्रंथींत असतं.

आता हे अवयव आणि स्तनाचा कर्करोग पसरतो ते अवयव शेजारी शेजारी ठेवून बघा, यादी जवळपास एकच निघते. २००१ साली आन्या म्युलर, अल्बर्ट झ्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हेच दाखवलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हे दोन रिसेप्टर खूप होते, निरोगी स्तनपेशींवर जवळजवळ नव्हते. मानवी कर्करोगाच्या पेशी सोडलेल्या उंदरांत सीएक्ससीआर-४ चं काम रोखल्यावर लसीका ग्रंथींत आणि फुप्फुसांत होणारा प्रसार बराच कमी झाला. भाच्याने पाठवलेला लेख बहुधा याच धाग्याचं पुढचं टोक असेल.

अण्णा_सांगलीकर

छान समजलं. एक शंका. रक्त जिथे जास्त जातं तिथे कॅन्सर जास्त, इतकं सरळ नाही का हे? मुद्दाम दिशा कशाला हवी?

भटकती_पेशी

अण्णा, शंभर वर्षांहून जुना वाद काढलात!

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी मांडल्या. यकृतात प्रसार २४१ जणींत, प्लीहेत फक्त १७ जणींत. आता प्लीहेला काही रक्त कमी जात नाही, चांगली जाड धमनी आहे तिला. यावरून पॅजेट म्हणाले, कर्करोगाची पेशी म्हणजे बी. ते वाऱ्यावर सगळीकडे उडतं, पण रुजतं मानवणाऱ्या मातीतच. पुढे अमेरिकेत जेम्स यूइंग यांनी तुमची बाजू घेतली: रक्ताच्या वाटा कशा जोडल्यात त्यावरच सगळं ठरतं.

दोन्हींत तथ्य आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधी यकृतात जातो कारण तिथलं रक्त थेट यकृतातच जातं. पण स्तनाच्या कर्करोगाला हाडांची एवढी ओढ का, याला नुसती वाहिन्यांची जोडणी पुरत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग २००१ च्या कामाने पहिल्यांदा रेणूंच्या पातळीवर दिला. सगळं उत्तर मात्र त्यातही नाही.

डॉ_अनुजा_पॅथ

पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज हेच रिपोर्ट लिहिते. तेव्हा ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी.

मृण्मयी, कुणी काही लपवलेलं नाही. सीएक्ससीआर-४ ची तपासणी जगात कुठेच नेहमीच्या रिपोर्टचा भाग नाही. कुठल्याही मोठ्या मार्गदर्शक सूचनेत ती करा असं म्हटलेलं नाही.

कारणं सांगते. एक, मोजायचं कसं यावर एकमत नाही. हा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर दिसतो, आतल्या द्रवात दिसतो, कधी केंद्रकातही दिसतो. एका अभ्यासात आवरणावरचा रंग मोजलेला, दुसऱ्यात केंद्रकातला. अँटिबॉडी वेगळ्या, 'जास्त' म्हणायची रेषा वेगळी. ईआरचं तसं नाही. एक टक्का पेशींच्या केंद्रकात रंग दिसला की पॉझिटिव्ह, हे सांगली असो की शिकागो, सारखंच.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. रिझल्ट आल्यावर करायचं काय? ईआर पॉझिटिव्ह आला तर हार्मोनची गोळी आहे. हर-टू पॉझिटिव्ह आला तर ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे. सीएक्ससीआर-४ जास्त आला तर आज उपचारात एका गोळीचाही फरक पडत नाही. ज्या तपासणीने फक्त भीती वाढते ती मी माझ्या बहिणीची करणार नाही.

आणि अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर सीएक्ससीआर-४ जास्त असलेल्या गटाचं भवितव्य सरासरीने कमी चांगलं दिसतं, हे खरं. पण ती गटाची सरासरी. गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी, ग्रेड, ईआर, हर-टू हे सगळं धरल्यावर एका बाईबद्दल तो आकडा वेगळं फारसं काही सांगत नाही.

घाटमाथा

स्पष्ट बोलतो. २००१ चा शोध, आणि इतक्या वर्षांनी रुग्णाच्या हातात शून्य. उंदीर बरे होतात, माणसं नाही. असले लेख रुग्णांपर्यंत पोचूच नयेत.

भटकती_पेशी

घाटमाथा, 'शून्य' मान्य नाही, पण निराशा समजते. मीही त्याच शाखेत आहे, ती निराशा आम्ही जवळून पाहिलीय.

बॅलिक्साफोर्टाइड नावाचं सीएक्ससीआर-४ रोखणारं औषध एरिब्युलिन या केमोच्या जोडीने पसरलेल्या, हर-टू निगेटिव्ह स्तनाच्या कर्करोगात दिलं गेलं. २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचे निकाल आले. बरेच उपचार आधीच घेऊन झालेल्या ५४ रुग्णांपैकी १६ जणींच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. खूप आशा वाटली होती. मग मोठी चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून गट पाडून. २०२१ मध्ये कळलं की नुसत्या एरिब्युलिनपेक्षा गाठी लहान होण्याचं प्रमाण वाढलं नाही. तिथे ते थांबलं.

का चाललं नाही? माझं मत असं: चाचणीतल्या रुग्णांत कर्करोग आधीच पसरलेला होता. दिशा दाखवणारा रिसेप्टर नंतर बंद करून गेलेल्या पेशी परत येत नाहीत. ऑपरेशनच्या आसपास, प्रसाराआधी द्यावं तर हजारो रुग्ण आणि दहा-दहा वर्षं थांबणं आलं. तेवढा खर्च करायला कंपनी लवकर तयार होत नाही.

निनाद_७१

सीएक्ससीआर-४ हे नाव वाचून चमकलोच! वडिलांना मायलोमा (अस्थिमज्जेतला एक रक्ताचा कर्करोग) होता. स्वतःच्याच स्टेम सेलचं प्रत्यारोपण करायचं ठरलं, पण नुसत्या जीसीएसएफच्या (अस्थिमज्जेतून पेशी रक्तात आणणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनांनी पेशी पुरेशा रक्तात येईनात. मग प्लेरिक्साफॉर नावाचं इंजेक्शन रात्री पोटावर दिलं, सकाळी रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर त्यांना घेतलं आणि पुरेशा पेशी जमल्या. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून 'सीएक्ससीआर-४' लिहून दाखवलं होतं. तोच का हा?

भटकती_पेशी

अगदी तोच. अस्थिमज्जेतल्या स्टेम पेशी सीएक्ससीएल-१२ मुळे तिथे धरून ठेवलेल्या असतात. सीएक्ससीआर-४ काही तास बंद केला की त्या रक्तात उतरतात. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत प्लेरिक्साफॉरला मंजुरी मिळाली. घाटमाथा, हे रुग्णाच्या हातात पोचलेलंच आहे, फक्त दुसऱ्या आजारात.

दर्यावर्दी

आणि त्याआधी ते एचआयव्हीसाठी चाचणीत होतं! मी बरीच वर्षं एड्स समुपदेशनात काम केलं. एचआयव्हीला पेशीत शिरायला पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाच्या जोडीला सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ लागतो, हे १९९६ मध्ये कळलं. सीसीआर-५ रोखणारं मॅराविरॉक २००७ मध्ये बाजारात आलं. सीएक्ससीआर-४ वालं एचआयव्हीत टिकलं नाही, पण चाचणीत लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या आणि त्यातून निनाद म्हणतात तो उपयोग सापडला. एका आजारात हरलेलं औषध दुसऱ्यात जिंकलं, म्हणून मला यात आशा वाटते.

अण्णा_सांगलीकर

मग अस्थिमज्जेत लपलेल्या कॅन्सरच्या पेशीही त्याच इंजेक्शनने बाहेर काढायच्या आणि केमोने मारायच्या. सोपं आहे की!

भटकती_पेशी

अण्णा, हा विचार शास्त्रज्ञांनीही केलाय. उंदरांत अस्थिमज्जेतल्या झोपलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी सीएक्ससीआर-४ रोखून रक्तात उतरवता येतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. पण उतरल्यावर त्या मरतीलच याची खात्री काय? दुसरीकडे जाऊन रुजल्या तर?

ही भीती पोकळ नाही. सीसीएल-२ हे याच कुटुंबातलं आणखी एक केमोकाइन. कर्करोगाला मदत करणाऱ्या मोनोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशींना ते बोलावतं. उंदरांत ते रोखलं तर प्रसार कमी झाला. पण औषध थांबवल्याबरोबर अस्थिमज्जेत अडकलेल्या मोनोसाइट लोंढ्याने बाहेर पडल्या आणि प्रसार आधीपेक्षा जास्त वाढला, उंदीर लवकर मेले. २०१४ चं 'नेचर'मधलं काम आहे. शरीराची वाहतूक अडवताना ती पुन्हा सुरू झाल्यावर काय होईल हेही बघावं लागतं.

वैद्य_समीरा_फॅन

हळदीतलं कर्क्युमिन सीएक्ससीआर-४ कमी करतं असं वाचलंय. रोज दोन कॅप्सूल घ्यायला काय हरकत? आपलं घरचंच आहे.

डॉ_अनुजा_पॅथ

हरकत आहे, आणि कळकळीने सांगते. प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींवर कर्क्युमिन बरंच काही करतं. तोंडाने घेतलेलं मात्र रक्तात फार कमी पोचतं. ते पोचावं म्हणून मिरीचा अर्क घालून जोरकस कॅप्सूल बनवतात आणि त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोत यकृत आधीच राबत असतं. आमटीत हळद खुशाल घाला. कॅप्सूल ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको.

कावेरीकाठ

मी ट्रिपल निगेटिव्हमधून (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या स्तनाच्या कर्करोगातून) गेलेली. माझ्या वेळीही असेच लेख वाचून जीव अर्धा व्हायचा. भटकती_पेशी, एक विचारू? हे रिसेप्टर फक्त वाईटच असतात का? माझ्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की गाठीत लिंफोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) भरपूर आहेत आणि ते चांगलं आहे. त्या पेशी तिथे आल्या कशा?

भटकती_पेशी

कावेरी, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. त्या लिंफोसाइटही केमोकाइनच्या मागावरच आल्या! मारक टी-पेशींवर सीएक्ससीआर-३ असतो. गाठीत सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० तयार होत असतील तर त्या तिथे येतात. ट्रिपल निगेटिव्हमध्ये अशा पेशी जास्त असणं चांगल्या भवितव्याशी जोडलेलं आहे. तुमच्या डॉक्टर बरोबर सांगत होत्या.

म्हणून 'केमोकाइन रिसेप्टर म्हणजे वाईट भवितव्य' हे वाक्यच मला खटकतं. कुठला रिसेप्टर, आणि कुणाच्या अंगावर? सीएक्ससीआर-४ कर्करोगाच्या पेशीवर असेल तर त्रास. तोच नसता तर तुम्ही-आम्ही जन्मलो नसतो. हा जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्माच्या सुमारास मरतात, हृदय, मेंदू, रक्तपेशी काहीच नीट घडत नाही. कर्करोगाने काही नवं शोधलेलं नाही, जे आहे तेच वापरतो. हर-टू जास्त असलेल्या पेशींत किंवा गाठीत प्राणवायू कमी पडला की सीएक्ससीआर-४ वाढतो. गाठीच्या आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट (ऊतींचा सांगाडा बनवणाऱ्या) पेशीही सीएक्ससीएल-१२ सोडून तिला खतपाणी घालतात.

कावेरीकाठ

हे कुणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं. मनापासून आभार.

लिमयेकाका

थोडं विषयांतर, पण प्रसारावरूनच. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे साधं भूल देण्याचं औषध, टोचून पाहिलं. देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रिया. सहा वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के. २०२३ मध्ये छापून आलं. इतकं स्वस्त औषध! आपल्याकडच्या कामाचा उल्लेख व्हावा म्हणून लिहिलं.

भटकती_पेशी

काका, उत्तम उल्लेख. त्याचा मार्ग केमोकाइनचा नाही, पेशींच्या सोडियम वाहिन्यांचा असावा असा अंदाज आहे. पण ऑपरेशनची ती काही मिनिटं प्रसाराच्या दृष्टीने मोलाची असतात, ही दिशा मला फार पटते.

घाटमाथा

हे आवडलं. माझा 'शून्य' मागे घेत नाही, पण धागा वाचनखूण म्हणून साठवतोय.

डॉ_अनुजा_पॅथ

सगळं छान चाललंय, पण मृण्मयीचा प्रश्न मागे पडतोय, आणि केमो सुरू व्हायच्या आत एक गोष्ट सांगायचीय.

ताईंचा रिपोर्ट पुन्हा वाचला. पाळी थांबलेली, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, एक ते तीन ग्रंथींत आजार. नेमक्या अशा स्त्रियांसाठी एक तपासणी खरोखर उपचार बदलते: ऑन्कोटाइप डीएक्स, २१ जनुकांची. २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत अशा गटात या तपासणीचे गुण २५ किंवा कमी असतील तर हार्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला केमो दिल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. पाळी चालू असलेल्यांत फायदा दिसला, त्यांना हे लागू नाही.

त्या २१ जनुकांत एकही केमोकाइन रिसेप्टर नाही, बरं का. ईआर, हर-टू, केआय-६७ यांसारखी पेशींच्या वाढीशी निगडित जनुकंच जास्त आहेत.

तपासणी महाग आहे, नमुना परदेशी जातो, आणि ताईंची संपूर्ण फाइल मी पाहिलेली नाही. त्यामुळे केमो नको असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: "ताईच्या बाबतीत जनुकीय तपासणीने केमोचा निर्णय बदलू शकेल का?" सीएक्ससीआर-४ चं विचारण्यापेक्षा हे विचारा.

सुलभा_जोगळेकर

अनुजा, हे किती महत्त्वाचं! मृण्मयी, वाचलंस का गं?

मृण्मयी_क

वाचलं, आणि काल ताईला घेऊन जाऊनही आले. उशिरा लिहितेय, माफ करा.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, ही तपासणी त्यांच्या मनात होती, पण खर्चामुळे बहुतेक घरं नको म्हणतात म्हणून विषय काढला नव्हता. ताईच्या विम्यात थोडी रक्कम बसते, बाकीची आम्ही भावंडं घालतोय. गाठीचा ब्लॉक पाठवला आहे. निकाल येईपर्यंत केमो थांबवलीय, एवढ्या दिवसांनी नुकसान नाही असं ते म्हणाले.

सीएक्ससीआर-४ चंही ताईने स्वतः विचारलंच! ते म्हणाले, "तो संशोधनाचा विषय आहे. तुम्ही हार्मोनची गोळी रोज वेळेवर घ्या, ती तुमच्या हातात आहे." भाच्याला हा धागा पाठवला. आता त्याला रिसेप्टरवरच प्रोजेक्ट करायचाय म्हणतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. कावेरीताई, तुमचं उत्तर ताईने मला मोठ्याने वाचायला लावलं.

निनाद_७१

फार बरं वाटलं. एक व्यावहारिक प्रश्न: हा 'ब्लॉक' म्हणजे काय? वडिलांच्या वेळी हॉस्पिटलने काही वर्षांनी तसलं काही शिल्लक नाही म्हणून सांगितलं होतं.

डॉ_अनुजा_पॅथ

गाठीचा तुकडा मेणात घट्ट बसवलेला असतो, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप म्हणजे स्लाइड. जनुकीय तपासणी असो की दुसरं मत, सगळं त्यावरच होतं. हॉस्पिटलं तो ठरावीक वर्षंच ठेवतात. म्हणून डिस्चार्जनंतर लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, किंवा किती वर्षं ठेवणार ते विचारून फाइलवर लिहून ठेवा. घरी ठेवलात तर थंड, कोरड्या जागी, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. मेण आहे, वितळतं. पाठवताना सगळे ब्लॉक एकदम देऊ नका, एक तरी जवळ राहू द्या.